वाचवलेले युनिट कोणाच्या खात्यात जमा होते?

कोथरूडमधील एका गृहरचना संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सोसायटीने जिन्यातले आणि पार्किंगमधले सगळे दिवे एलईडी केले, निम्म्याहून अधिक घरांनी पंखे बदलले, सामाईक मीटरवरचा वापर बराच कमी झाला. पण दर वाढत गेल्यामुळे बिलाची रक्कम जवळजवळ होती तिथेच राहिली. मग ऊर्जाबचतीला अर्थ काय, आणि ज्या ‘वीजक्षेत्रातील सुधारणां’विषयी पंचवीस-तीस वर्षे ऐकतो आहोत त्या म्हणजे शेवटी खासगीकरणच ना, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली तीसेक वर्षे पुणे आणि परिसरातील कारखान्यांची, रुग्णालयांची आणि पाणीपुरवठा योजनांची ऊर्जा-तपासणी करतो आहे. सचिवसाहेब, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या अनुभवात ते एकाच ठिकाणी येऊन मिळतात. वाचवलेल्या युनिटचा फायदा नेमका कोणाच्या खात्यात जमा होतो, हे ठरवणे म्हणजेच सुधारणा, आणि ते ठरले नाही तर बचत चांगल्या इच्छेच्या पलीकडे जात नाही.

आधी बिलाविषयी. वितरण कंपनी वीज विकत घेते तेव्हा ती दोन गोष्टींचे पैसे देते. एक, केंद्र उभे करून तयार ठेवल्याबद्दलचा स्थिर खर्च, जो वीज घेतली किंवा न घेतली तरी द्यावा लागतो, आणि दुसरा, कोळशाचा किंवा वायूचा खर्च, जो घेतलेल्या युनिटप्रमाणे द्यावा लागतो. तुमच्या घरातील एक युनिट वाचले की कंपनीचा कोळशाचा खर्च तेवढा वाचतो, पण स्थिर खर्च पंचवीस वर्षांच्या करारात बांधलेला असल्यामुळे तो उरलेल्या युनिटांवर वाटला जातो. त्यात जास्त वापराच्या टप्प्यातील घरगुती ग्राहक, दुकानदार आणि उद्योग हे सरासरी खर्चापेक्षा अधिक दर देऊन शेतीपंपांचा आणि कमी वापराच्या घरांचा काही भार उचलत असतात. असा ग्राहक बचत करतो तेव्हा कंपनीची जमा तिच्या खर्चापेक्षा जास्त घटते, आणि नियामक आयोगाच्या पुढच्या दरआदेशात ती तूट कोणाकडून तरी भरून घ्यावी लागते. तुमचे बिल उतरले नाही याचे एक कारण हे आहे. अर्थात बचत केली नसती तर तेच बिल आणखी वर गेले असते.

म्हणून बचतीचा खरा प्रश्न नवे केंद्र बांधण्याच्या आधी विचारायचा असतो. एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प हे त्याचे आपल्या राज्यातील सर्वात महागडे उदाहरण आहे. १९९३ मध्ये त्यावेळच्या राज्य वीज मंडळाने तेथील वीज घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, मंडळाने वीज घेणे थांबवले. त्याच वर्षी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सगळा व्यवहार तपासला. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने, विशेषतः दिवंगत गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हा करार परवडणारा नाही हे आकडेमोडीने फार आधी दाखवून दिले होते. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. राज्याला पुढील दहा वर्षांत किती वीज लागेल एवढ्यावर ते थांबत नसत. प्रकाश, पाणी उपसणे, कारखान्यातील फिरती यंत्रे ही कामे कमीत कमी खर्चात कशी होतील, असे विचारून ते नव्या केंद्राच्या बरोबरीने चांगले पंप, कार्यक्षम दिवे आणि कमी हानीच्या वाहिन्या या पर्यायांचाही हिशेब मांडत. बचत हा वीज मिळवण्याचा एक मार्ग मानून तिला नियोजनाच्या तक्त्यात ओळ द्यायची, ही कल्पना मी त्या काळात पुण्यातच शिकलो.

दुसरी गोष्ट मीटरची. शेतीपंपांना सत्तरच्या दशकापासून अश्वशक्तीवर ठोक दर लावला गेला आणि लाखो जोडण्या मीटरविना राहिल्या. परिणाम असा झाला की न मोजलेल्या विजेतली किती शेतीने वापरली आणि किती वाटेत गळाली किंवा चोरीला गेली, हे ठरवण्याला आधारच उरला नाही. मंडळाच्या कागदांवर वहन आणि वितरणातील हानी अनेक वर्षे पंधरा-सतरा टक्क्यांच्या आसपास दिसत असे. १९९९ मध्ये राज्य विद्युत नियामक आयोग स्थापन झाला, २००० मध्ये पहिली दरसुनावणी झाली, आकड्यांचे पुरावे मागितले गेले, आणि तीच हानी तीस टक्क्यांच्या वर निघाली. एका वर्षात तारा काही जुन्या झाल्या नव्हत्या. शेतीच्या नावावर टाकलेली वीज तिच्या खऱ्या रकान्यात गेली, एवढेच. माझ्या मते महाराष्ट्रातील वीजसुधारणांमधील सर्वात मोलाची घटना हीच आहे. जून २००५ मध्ये मंडळाचे निर्मिती, पारेषण आणि वितरण असे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. ते २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे झाले आणि हिशेब वेगळे झाल्याने त्याचा उपयोगही झाला. पण लोकांसमोर शपथेवर आकडे मांडण्याची सक्ती मला त्याहून महत्त्वाची वाटते.

शेतीपंपांचा विषय मी जरा सविस्तर सांगतो, कारण शहरात त्याविषयी फार वरवर बोलले जाते. काही वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यात एका डीपीवरचा, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, भार मोजण्यासाठी मी रात्री थांबलो होतो. डीपी १०० केव्हीएची, तिच्यावर पाच एचपीच्या अठरा मोटारी, म्हणजे कागदावर नव्वद एचपी. त्या आठवड्यात शेतीची पाळी रात्रीची होती. वीज आली आणि क्षणात सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, कारण प्रत्येक पेटीत वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच होता. रात्री-अपरात्री उसाच्या फडातून बिबट्याच्या भीतीने चालत जाऊन मोटार सुरू करण्यापेक्षा ऑटोस्विच लावणे कोणत्याही शहाण्या माणसाला पटेल. पण एकदम सुरू होताना मोटारी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतात. माझ्या मीटरवर ४१५ ऐवजी ३२० व्होल्ट दिसले, डीपीचा आवाज बदलला, आणि थोड्याच वेळात एका फेजचा फ्यूज गेला. नंतर पकडीच्या मीटरने एकेका मोटारीचा करंट घेतला तेव्हा पाच एचपीची पाटी असलेल्या बऱ्याच मोटारी साडेसात एचपीएवढा भार घेत होत्या. मिळून तो एकशेतीस एचपीच्या वर जात होता आणि व्होल्टेज सावरणारे कपॅसिटर बहुतेक ठिकाणी काढून टाकलेले होते.

त्यातील एका शेतकऱ्याला मी विचारले, की काका, ही मोटार इतका करंट का घेते? त्यांनी सरळ सांगितले, “व्होल्टेज मिळत नाही म्हणून कॉइल जळते. दोन वर्षांत तीनदा भरून घेतली. शेवटी वायंडिंगवाल्याने जाड तार भरून दिली, आता जळत नाही.” त्यांच्या बाजूने हा निर्णय पूर्ण तर्कसंगत आहे. वीज जास्त गेली तरी त्यांच्या खिशातून काही जात नाही, पण मोटार जळली तर वायंडिंगचे हजारो रुपये जातात आणि पीक उन्हात उभे राहते. मात्र प्रत्येकाने तसे केल्यामुळे व्होल्टेज आणखी पडते, डीपी जळते, आणि मग सगळ्यांनाच जाड तार भरावी लागते. शेतकरी वीज उधळतात हे विधान म्हणूनच मला अर्धवट आणि अन्यायाचे वाटते.

हे ध्यानात न घेता केवळ पंप बदलून देणाऱ्या योजना अडखळतात. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा भागात केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या पुढाकाराने जुने पंप काढून कार्यक्षमतेचे तारे मिळालेले पंप बसवण्याचा देशातील अगदी सुरुवातीचा प्रकल्प झाला. तेथे निदान हे तरी धरले होते की पंपाचा खर्च शेतकऱ्याने करायचा नाही, कारण वाचलेल्या विजेचे पैसे त्याला मिळत नाहीत. ते अनुदान देणाऱ्या सरकारला आणि वितरण कंपनीला मिळतात, म्हणून गुंतवणूकही त्यांच्या बाजूने यावी. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज राज्य सरकारने २०२४ पासून मोफत केल्यावर तर हे गणित अधिकच स्पष्ट झाले आहे. शेतातील वाचलेले प्रत्येक युनिट आता थेट राज्याच्या तिजोरीत जमा होते.

पंजाबने २०१८ मध्ये यावर एक चांगला मार्ग काढून पाहिला. शेतकऱ्याला ठरावीक युनिटांचा मोफत कोटा द्यायचा आणि त्यातील जेवढी युनिटे तो वाचवील त्यांचे युनिटमागे चार रुपये त्याच्या खात्यात भरायचे. यात कोणावर दर लादला जात नाही, तरी मीटर शेतकऱ्याला हवाहवासा वाटू लागतो. आपल्याकडे २०१७ मध्ये आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना वेगळ्या बाजूने जाते. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर लहान सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या वाहिनीवर, दिवसा द्यायची. युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास पडतो, लांबून वीज आणण्यातील हानी टळते, आणि जुन्नर-शिरूरच्या शेतकऱ्याला रात्री बिबट्याच्या वाटेवर जावे लागत नाही. मला ही योजना मनापासून आवडते. काळजी एकच आहे. फुकट, दिवसाची आणि चांगल्या व्होल्टेजची वीज मिळाली की भूजलाचा उपसा वाढू शकतो. तेव्हा पंजाबसारखा बचतीचा मोबदला या योजनेला जोडण्याची वेळ आजच आहे, विहिरी कोरड्या पडल्यावर नव्हे.

फायदा योग्य खात्यात गेला की काय घडते, हे एलईडी दिव्यांनी दाखवले. जानेवारी २०१४ मध्ये सरकारी घाऊक खरेदीत एका एलईडी दिव्याची किंमत ३१० रुपये होती. २०१५ मध्ये उजाला योजना देशभर सुरू झाली, कोट्यवधी दिव्यांची मागणी एकत्र करून निविदा काढल्या गेल्या, आणि दोनेक वर्षांत ती किंमत ३८ रुपयांवर आली. या योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. घरांना स्वस्त दिवा मिळाला, कारखानदारांना खात्रीची बाजारपेठ मिळाली, आणि वितरण कंपन्यांवरचा संध्याकाळचा, म्हणजे सर्वात महाग वेळेचा, भार हलका झाला. पंख्यांचे असे अजून झालेले नाही. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रशविना मोटारीचा, पंखा तीसेक वॅट घेतो. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिटे वाचतात. वाटेतील हानी पंधरा टक्के धरली तर केंद्रावर ती सुमारे १९० भरतात. एवढे असून भाड्याच्या घरात हा पंखा दिसत नाही, कारण पंखा घरमालक घेतो आणि बिल भाडेकरू भरतो. पुन्हा तोच खात्याचा प्रश्न.

उद्योगांसाठी २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने चौकट दिली. २०१२ ते २०१५ या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जावापर घटवण्याची लक्ष्ये दिली गेली, लक्ष्यापेक्षा जास्त बचत करणाऱ्याला विकता येतील अशी प्रमाणपत्रे मिळाली, आणि सगळी ऊर्जा तेलाच्या मापात मोजून ६.६९ दशलक्ष टन तेल-समतुल्य लक्ष्य असताना ८.६७ दशलक्ष टनांची बचत झाली. लहान कारखाने मात्र या चौकटीबाहेर राहतात, आणि भोसरी-चाकण भागात माझे बरेचसे काम त्यांच्यातच असते. तेथे पहिल्या भेटीला मी शक्यतो गुरुवारी जातो, कारण त्या दिवशी एमआयडीसीची साप्ताहिक सुटी असते आणि यंत्रे बंद असतात. फक्त कॉम्प्रेसर सुरू करायचा, हवेच्या सगळ्या लाइन उघड्या ठेवायच्या आणि घड्याळ लावून बसायचे. शॉपमध्ये एकही यंत्र हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर दर पाच मिनिटांतली दोन मिनिटे लोडवर, म्हणजे हवा भरायला, जात असेल, तर त्याच्या क्षमतेची चाळीस टक्के हवा गळतीत जाते आहे. मी हे मालकाला स्वतः मोजायला लावतो. शांत शॉपमध्ये फुसफुसणारे सांधे कानांनी ऐकू येतात, साबणाच्या पाण्याने दाखवता येतात. तीन मिलिमीटरचे एक भोक सुमारे तीन किलोवॉट खाते. वर्षभर चोवीस तास कारखाना चालला तर ती सव्वीस हजारांच्या आसपास युनिटे होतात, आणि युनिटला नऊ रुपये धरले तरी दोन लाखांच्या वर जातात. दुरुस्तीला एक नळी आणि एक क्लॅम्प पुरतो. असे असून गळती राहते, कारण विजेचे बिल हिशेबनीस भरतो, कॉम्प्रेसर देखभालवाला सांभाळतो आणि हवा उत्पादनवाला वापरतो. एका कारखान्यात मालकाने प्रत्येक शॉपला वेगळा मीटर लावून महिन्याचा आकडा शॉपच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली. मी वेगळे काही सांगण्याआधीच तेथील गळती निम्म्यावर आली होती.

आता खासगीकरण. ओडिशाने देशात सर्वात आधी, १९९६ मध्ये, मंडळाचे विभाजन केले आणि १९९९ मध्ये वितरण खासगी कंपन्यांना दिले. मीटर आणि वसुलीची घडी बसलेली नव्हती, सरकारी मदत थांबली होती, त्यात त्याच वर्षी महाचक्रीवादळ आले. मध्य भागातील कंपनी २००१ मध्ये निघून गेली आणि उरलेल्या तीन कंपन्यांचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले. दिल्लीत २००२ मध्ये वितरण खासगी कंपन्यांकडे गेले, पण तेथे बोलीच हानी किती कमी करणार यावर घेतली गेली आणि मधल्या काळासाठी सरकारने पैसा पुरवला. पन्नास टक्क्यांवरची हानी पुढे दहाच्या खाली आली. भिवंडीत २००७ पासून मालकी महावितरणकडेच ठेवून वितरणाचे काम फ्रँचायझीला, म्हणजे करारावर नेमलेल्या खासगी कंपनीला, दिले आणि निम्म्याहून अधिक असलेली हानी बरीच खाली आली, तर औरंगाबाद आणि जळगावातील तशीच व्यवस्था मुदतीआधी मोडली. मालकी कोणाची यावरून यश-अपयश सांगता येत नाही, एवढे मी यावरून खात्रीने म्हणतो. आकडा कोण मोजतो, तो कोण तपासतो आणि तो चुकल्याची किंमत कोण भरतो, यावरून मात्र बरेचसे सांगता येते.

पुण्याने हे एकदा स्वतः अनुभवले आहे. २००६ मध्ये राज्यभर तासन् तास भारनियमन चालू असताना येथील उद्योगांनी स्वतःचे डिझेल संच चालवून जाळ्यावरचा भार उतरवला, त्या महाग विजेचा फरक आयोगाच्या मंजुरीने शहरातील ग्राहकांकडून वेगळ्या आकाराने घेतला गेला, आणि शहर भारनियमनमुक्त राहिले. मला त्या वेळीही वाटत होते आणि आजही वाटते, की त्याच पैशांतील काही भाग कार्यक्षम दिव्यांवर आणि पंपांवर खर्च झाला असता तर डिझेल तेवढे कमी जळले असते आणि परिणाम वर्षानुवर्षे टिकला असता.

बदलत्या काळातील एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा तुमच्या सोसायटीशी थेट संबंध आहे. दुपारी सौर वीज मुबलक असते, संध्याकाळी ती मावळते आणि मागणी चढते. त्यामुळे किती वाचवले याच्या जोडीला केव्हा वापरले हेही आता मोजले जाणार आहे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांत दर कमी आणि कमाल मागणीच्या तासांत जास्त ठेवण्याची तरतूद केली आहे, आणि स्मार्ट मीटर बसतील तशी ती घरगुती ग्राहकांनाही लागू होते. तुमच्या सोसायटीचे पाण्याचे पंप संध्याकाळी सहा ते दहा चालत असतील तर ते अकरा ते तीनवर आणा. वरच्या टाकीत दिवसभराचे पाणी मावत नसेल, तर टाकी वाढवण्याचा खर्च किती वर्षांत वसूल होतो ते काढून सभेपुढे ठेवा.

आणि पंप बदलायचा की नाही हे विक्रेत्याला विचारण्याआधी स्वतः मोजा. एक हजार लिटर पाणी पस्तीस मीटर वर चढवायला आदर्श स्थितीत ०.०९५ युनिट लागते, आणि चांगला पंपसेट हे काम ०.२ युनिटच्या आसपास करतो. येत्या गुरुवारी, वीज असेल तर, पंप सुरू करताना आणि बंद करताना सामाईक मीटरचा आकडा लिहून घ्या, त्या वेळात लिफ्ट आणि दिव्यांचा वापर शक्य तितका थांबवा, आणि टाकीत किती सेंटीमीटर पाणी चढले ते पट्टीने मोजा. टाकीच्या लांबी-रुंदीवरून त्या पाण्याचे किती हजार लिटर झाले ते काढा. युनिटांना त्याने भागून येणारा आकडा ०.३५ च्या वर असेल तर तो आकडा, पंपाच्या पाटीवरचा मजकूर आणि मागील बारा महिन्यांची बिले घेऊन माझ्याकडे या.